अकरा उतारूंचे अण्णा

"चला, चला, पुढं सरका! दारात गर्दी करू नका, आत लई जागा हाय!"

नगरला, सावेडीतल्या या घरात आम्ही राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी मागच्या भिंतीपलीकडून हा आवाज आला. मी खोक्यांतून भांडी काढत होते. शेजारी पाहुणे आलेले दिसतात आणि यजमान भलतेच मोकळ्या गळ्याचे आहेत, असं मनात येतंय तोवर पाठोपाठ 'टिकटिक, टिकटिक' असा लोखंडी आवाज सुरू झाला. आता मला राहवेना. भोचकपणा हा माझा जुना दोष, तो मी कधी लपवलेला नाही. स्टूल घेतलं, वर चढले आणि भिंतीवरून डोकावले.

खाकी पँट आणि पांढरा बनियन घातलेला, साठी ओलांडलेला एक उंच माणूस पाठमोरा उभा होता. त्याच्या उजव्या हातात तिकिटाला भोक पाडायचा तो जुना पंच होता, आणि समोर बारा कोंबड्या रांगेनं खुराड्यात चढत होत्या. एकीनं मध्येच थांबून मातीत चोच घातली, तर तो म्हणाला, "मावशी, खाली काय शोधताय? गाडी सुटंल की." ती चढली. त्यानं डोकी मोजली, दार लावलं, दारावर दोनदा थाप मारली आणि वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "तुमी नव्या आलेल्या का? स्टूल डुगडुगतंय, जपून उतरा."

ते अण्णा. उभा जन्म एसटीत कंडक्टर म्हणून गेला, बहुतेक सगळा नगर-कर्जत मार्गावर. मूळ गाव कर्जतकडचं. निवृत्तीनंतर सावेडीत दोन खोल्यांचं घर बांधलं आणि घराच्या दुप्पट जागा मागं कोंबड्यांना सोडली. हल्ली कंडक्टरच्या गळ्यात तिकिटाचं मशीन असतं, पण अण्णांच्या उमेदीच्या काळात पंच असायचा, आणि तो दांडीवर वाजवला की झोपलेला उतारूसुद्धा खिशात हात घालायचा. नोकरीतला पंच त्यांनी रीतसर जमा केला होता. हा भंगाराच्या गाड्यावर सापडलेला. "सरकारी न्हाई हं बाई, ह्यो खाजगी हाय," हे ते मी न विचारता तीनदा तरी सांगून चुकले. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून मी पहिल्या दिवसापासून 'बाई'.

खुराडं बघण्यासारखं होतं. लाकडी फळ्या, वर पत्रा, पुढं चढायचं दार आणि मागं एक झडप. झडपेवर लाल रंगात लिहिलेलं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. आत बसायला आडव्या काठ्या. पहिल्या काठीवर एका पायानं अधू असलेल्या कोंबडीची राखीव जागा. ती रिकामी असली तरी दुसरी तिथं बसली की अण्णा तिला उठवत. कोंबड्यांची नावं मार्गावरच्या थांब्यांची. रुईछत्तीशी, घोगरगाव, मिरजगाव, माहीजळगाव. कोंबड्याचं नाव चेकर, कारण तो दारात उभा राहून प्रत्येकीकडे संशयानं बघायचा. एकीचं नाव मात्र मार्ग सोडून होतं, राजूर. ती अकोले तालुक्यातल्या राजूरच्या डोंगरातून आणलेली. तिला खुराड्यापेक्षा झाड आवडायचं आणि झाडापेक्षा आमची गच्ची. "डोंगरची हाय ती. तिला सपाटीचं पटत न्हाई," अण्णा तिची बाजू घेत.

त्यांची बोलायची रीतही तीच. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हा एसटीचा नियम त्यांनी घरी आणला होता. कुणी फार लांबण लावलं की "एक घंटी!" एखादी गोष्ट पटली की "डबल." बस्स. मी एकदा विचारलं, "अण्णा, आमच्या गच्चीवर शेवग्याची फांदी आलीय, तोडू का?" तर नुसतं "डबल" म्हणून निघून गेले, आणि पाच मिनिटांत कोयता घेऊन हजर.

आमचं घर अंडंसुद्धा न शिवणारं. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, केकचा तुकडा दिला तरी तो आधी पाकीट वाचतो. अशा घरात सहामाहीच्या दिवसांत एक प्रकार झाला. सातच्या सुमाराला फाटकाशी अण्णा उभे. चेहरा उतरलेला.

"बाई, एक उतारू कमी हाय. तुमच्याकडं चढली का?"

आम्ही बाग बघितली, गच्ची बघितली. शेवटी श्रीकांतची हाक आली, तीही अशी की मला वाटलं साप निघाला. माझ्या टेबलावर नववी ब च्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि त्यावर राजूर, मुख्याध्यापिका बसतात तशी, ऐसपैस बसली होती. अण्णांनी तिला अलगद उचललं. खाली अंडं. श्रीकांत भिंतीला टेकला. अण्णांनी अंडं शर्टाच्या खिशात टाकलं, कोंबडी काखेत धरली आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "फुकट न्हाई आली बाई. तिकीट काढून बसलीय."

श्रीकांतनं टेबल दोनदा धुतलं. मला मात्र त्या रात्री पेपर तपासताना सारखं हसू येत होतं.

अण्णांच्या बायकोचं नाव शालन. आम्ही त्यांना शालनकाकू म्हणायचो. बुटक्या, चपळ, बोलणं कमी आणि नेमकं. लेक रेखा रत्नागिरीला नर्स. तिची तिकडं बदली झाल्यापासून काकूंनी एकच धोसरा धरला होता, समुद्र बघायचा. मी एकदा भिंतीशी उभी असताना विचारलं, "काकू, समुद्रात एवढं काय आहे हो?"

त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबवून म्हणाल्या, "शुभाताई, मी न्हानपनापासनं पानी भरतीय. हिरीवरनं, टँकरवरनं, नळावरनं. जे भरावं लागत न्हाई असं पानी एकदा डोळ्यानं बगायचंय."

नवरा जन्मभर गाडीत, आणि ही बाई कर्जत-नगरच्या पलीकडे गेलेली नव्हती. नोकरी होती तेव्हा अण्णांना सुट्टी नसायची. सुट्टीच सुट्टी झाली तेव्हा कोंबड्या आल्या. "ह्यांनी साऱ्या जिल्ह्याला डबल घंटी दिली," काकू म्हणाल्या, "माज्या वाट्याला आपली एकच." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

अण्णांनी प्रयत्न केलाच नाही असं नाही. आम्ही राहायला आलो त्याच्या पुढच्याच वर्षी ते खरंच निघाले होते. कोंबड्यांची सोय लावायला त्यांनी दोन डालग्यांत बाराच्या बारा भरल्या, टेम्पो केला आणि कर्जतला धाकट्या भावाकडे पोचवल्या. चार दिवस सांभाळ म्हणून सांगितलं, गावातल्या एका मित्राला भेटून आले, आणि रात्री जेवून सकाळी नगरला परतायचं, तिथून रत्नागिरी, असा बेत. आता गावाकडची रीत अशी, की थोरला भाऊ वर्षानं घरी आलाय तर त्याच्यापुढं वांग्याची भाजी कोण ठेवील? भावानं जीव लावून रस्सा केला. अण्णा तीन भाकरी जेवले. वहिनीला म्हणालेसुद्धा, "रस्सा लई झ्याक झालाय." मग हात धुतला आणि सवयीनं डालग्यातली डोकी मोजायला गेले.

अकरा.

घोगरगाव नव्हती.

"भावाचं काय चुकलं सांगा," काकू मला म्हणाल्या होत्या. "त्यानं आपली समजून परक्याची कापली न्हाई, भावाचीच समजून भावालाच घातली." पण अण्णा रात्रभर ओसरीवर बसून राहिले. सकाळी उरलेल्या अकरा घेऊन परत आले. काकूंनी भरलेली निळी बॅग उघडली, लुगडी परत फडताळात ठेवली. खुराड्यातली घोगरगावची जागा अण्णांनी कुणाला दिली नाही. "त्यो थांबा बंद झाला," एवढंच म्हणत. कोंबडी खाणं त्यांनी सोडलं नाही, पण नियम केला, ओळखीची खायची नाही.

पुढच्या वर्षी परत ठरलं, तर कॉलनीत कुणीतरी कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आल्याची आवई उठवली. बॅग परत रिकामी झाली.

आणि मग ह्या दिवाळीनंतरची गोष्ट नव्हे, मागल्या दिवाळीनंतरची. एका संध्याकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दिवाणखान्यात आले. इस्त्रीचा शर्ट म्हणजे काहीतरी मोठं काम. बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "बाई, साऱ्या सावेडीत इचार केला. नात्यात इचार केला. कोंबड्या सोपवाव्या असं एकच घर हाय. तुमचं."

श्रीकांत चहा पिता पिता थांबला. "आमचं? अहो, आम्ही तर अंडंसुद्धा..."

"म्हनूनच की!" अण्णांचा चेहरा उजळला. "तुमी खात न्हाई. पावना येऊ द्या, जावई येऊ द्या, मंत्री येऊ द्या. तुमच्या घरात माजी कोंबडी सुकरूप हाय. बाकी माया समद्यांची हाय हो, पन भूक लागल्यावर मायेचा काय भरवसा?"

ह्या युक्तिवादाला तोड नव्हती. माझं आयुष्य सिद्धता लिहिण्यात गेलंय, मी ओळखते. मी म्हटलं, "डबल." श्रीकांतनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी घर गहाण टाकलंय.

मग आठ दिवस माझं प्रशिक्षण झालं. सकाळची शाळा सुटली की मी पलीकडे ड्युटीवर. पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून खुराड्याला टांगलं होतं. गाडी सुटण्याची वेळ, पाणी बदलणे, तांदळाची कणी आणि बाजरी, दुपारी कोथिंबिरीच्या काड्या, कोपऱ्यात राख टाकणे म्हणजे त्या अंग घोळतात आणि उवा होत नाहीत. शेवटी 'मुक्काम', वेळ पावणेसहा, आणि खाली दुहेरी रेघ. गावरान कोंबडी अंधार पडायच्या आत खुराड्यात गेली नाही तर झाडावर चढते, आणि झाडाखाली कॉलनीचा पिवळा बोका वाट बघत असतो, हे अण्णांनी मला बोकाही दाखवून सांगितलं. अंडी उचलायला मी सांडशी आणली. अण्णा बघत राहिले. काकू पदरात तोंड लपवून हसल्या.

त्या आठवड्यात काकूंचं वय दहा वर्षांनी कमी झालं होतं. निळी बॅग मंगळवारीच भरून दारात उभी होती आणि निघायचं होतं शनिवारी. लेकीसाठी शेंगदाण्याची चटणी झाली, खारे दाणे झाले. रोज त्या मला भिंतीवरून काहीतरी नवं विचारायच्या. समुद्राच्या पाण्यात चपला घालून जायचं की काढून? लाट आली की धरायला काही असतं का? मला तरी काय ठाऊक! पण त्यांचा आनंद इतका संसर्गजन्य होता की मी शाळेत भूगोलाच्या बाईंना जाऊन भरतीच्या वेळा विचारल्या.

शनिवारी सकाळी मी आणि श्रीकांत त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. काकू खिडकीशी बसल्या. अण्णा काही केल्या बसेनात. गाडी भरत होती, आणि कंडक्टर पोरगेला होता, त्यामुळे ह्यांचा घसा आपोआप सुटला. "चला, पुढं सरका, दारात थांबू नका!" लोक मुकाट्यानं सरकले. काकूंनी बाही धरून त्यांना खाली ओढलं. गाडी निघाली. काकू आम्हाला हात करत होत्या आणि त्या हाताला थांबणं माहीतच नव्हतं.

आता पावणेसहा. मी पुठ्ठ्यावरची सगळी कामं बिनचूक केली होती. मुक्कामाची वेळ झाली, म्हणून खुंटीवरचा पंच घ्यायला हात वर केला, तर खुंटी रिकामी.

फळीवर बघितलं, कण्यांच्या डब्यात बघितलं. आणि मग लख्ख उजेड पडला. ज्या माणसानं जन्मभर गाडीत चढायच्या आधी पंच खिशात टाकलाय, त्यानं आज गाडीत चढताना दुसरं काय केलं असणार?

मी तोंडानं 'टिकटिक' केलं. कोंबड्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला नववी ब ची आठवण झाली, तसंच ते पाहणं. श्रीकांतनं सांडशी वाजवली. चेकर दचकला आणि भुर्रकन शेवग्यावर. त्याच्या मागं मिरजगाव, माहीजळगाव. दोन आमच्या पाण्याच्या टाकीवर. राजूर सगळ्यात उंच शेंड्यावर, मान ताठ. आणि कोपऱ्यावरून पिवळा बोका सावकाश चालत आला, खाली बसला आणि पंजा चाटू लागला.  पहिल्याच दिवशी!

मी अण्णांना फोन लावला. गाडी आंबा घाट उतरत होती.

"बाई, किती झाल्या?" हेच पहिलं वाक्य.

"अण्णा, तुमचा खिसा बघा."

खिसा चाचपल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आरं देवा."

"झाडावर चढल्यात सगळ्या. खाली बोका आहे."

"बाई, एक घंटी. काई करू नका. आमी घाटाखाली साखरप्याला उतरतो. तिथनं परतीची गाडी भेटंल. सकाळपत्तुर पोचतो."

मी काकूंच्या आवाजासाठी कान दिला. त्या नको म्हणतील, भांडतील, निदान उसासा टाकतील. त्यांनी काहीच केलं नाही. फक्त बॅगेची चेन ओढून बंद केल्याचा आवाज आला. उतरायची तयारी. तो आवाज ऐकला आणि माझं डोकंच फिरलं.

"अण्णा!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की बोकासुद्धा उठून उभा राहिला. "उतरायचं नाही! तिथूनच वाजवा! पंच आहे ना हातात? मग वाजवा फोनमध्ये!"

श्रीकांतनं, त्याच माझ्या केकवाल्या नवऱ्यानं, तीरासारखं घरात जाऊन फरशी पुसायचा दांडा आणला. त्याला आम्ही सुतळीनं मोबाईल बांधला, आवाज शेवटपर्यंत मोठा केला आणि दांडा शेवग्यात उंच धरला.

टिकटिक. टिकटिक.

पहिल्यांदा अधू कोंबडीनं मान वळवली. मग रुईछत्तीशीनं. आणि मग घाट उतरणाऱ्या गाडीतून अण्णांचा आवाज सावेडीच्या झाडात घुमला. "चला, चला, पुढं सरका! आत लई जागा हाय!" धप्प, एक खाली. धप्प, दुसरी. मी मोजत होते आणि दांड्याकडे तोंड करून ओरडत होते, "तीन! चार झाल्या!" फोनमधून अण्णा पुढं सांगत होते, "चार!" आणि मागून कुणीतरी अनोळखी, "चार झाल्या म्हनं!" सारी गाडी ऐकत होती. रेंज गेली, आमचा जीव गेला, रेंज आली, जीव आला. सहा. आठ. चेकर सगळ्यांना आत घालून मग स्वतः आत गेला. दहा!

"राजूर राहिली, अण्णा. शेंड्यावर आहे. बघतसुद्धा नाही."

"तिला टिकटिक पुरत न्हाई. दांडा वर धरा." आणि मग त्यांनी छाती भरून आरोळी ठोकली, जशी स्टँडवर ठोकत असतील. "राजूर, राजूर, राजूऽऽर! शेवटची गाडी! ह्याच्यामागं गाडी न्हाई!"

त्यांच्या गाडीतल्या एका म्हातारबांचा घाबरा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "अवो, ही रत्नागिरीला जातीय ना?" आणि त्याच क्षणी राजूरनं पंख उघडले. बोक्याच्या डोक्यावरून ती अशी गेली की बोकाच आडवा झाला. सरळ दारात उतरली, आत शिरली. मी दार लावलं, कडी घातली, दोनदा थाप मारली.

"अकरा!" मी म्हटलं. माझा घसा बसला होता.

"अकरा!" अण्णा गाडीला म्हणाले, आणि आंबा घाटात टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत मला बॅगेची चेन परत उघडल्याचा आवाज आला, असं मी अजून म्हणते. श्रीकांत म्हणतो तो मला ऐकू येणं शक्य नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पावणेसहाला फोन वाजला. टिकटिक, अकरा, डबल. सगळं सुरळीत. त्या दिवशी सांडशी घरीच राहिली म्हणून मी अंडं पहिल्यांदा हातानं उचललं. ते ऊबदार होतं. मला उगाच भरून आलं. हे मी श्रीकांतला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शालनकाकूंना त्यांच्या फोनवर गाठलं. म्हटलं, "काय काकू, कसा आहे समुद्र?"

"वास येतो," त्या म्हणाल्या.

"वास?"

"हितनं वास येतो आन् राती आवाज येतो. बगितला न्हाई अजून." मग स्वतःच सावरून घेत म्हणाल्या, "रेखाची ड्युटी सुटती चारला. मग निगायचं, तर पावनेसहाला ह्यांचा फोन. समुद्रावर रेंज न्हाई गावली तर काय घ्या? ह्ये गच्चीवरनं हालत न्हाईत. ऱ्हाऊ द्या शुभाताई, उंद्या परतीचंच हाय. कोंबड्या बऱ्या हायत ना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस! समुद्राच्या वासात दोन दिवस बसून ही बाई माझ्याकडे कोंबड्यांची खुशाली विचारत होती. मी लगेच अण्णांना फोन लावला.

"अण्णा, आजची गाडी समुद्रावरून सुटेल. घरून फोन आला तर मी उचलणार नाही. कोंबड्या झाडावर बसोत नाहीतर टॉवरवर बसोत."

"पन बाई, रेंज..."

"एक घंटी, अण्णा!"

मला वाटतं त्यांच्या आयुष्यात त्यांना ही घंटी कुणी दिली नव्हती.  मग, अगदी हळू, "डबल."

त्यानंतर जे दिसलं ते अण्णांचं मला झालेलं शेवटचं दर्शन, म्हणून जरा सबुरीनं सांगते. घाबरू नका, माणूस ठणठणीत आहे. पण चार दिवसांसाठी गेलेली ती दोघं अजून परतलेली नाहीत. पुढच्या महिन्यात येतो, असं अण्णा दर महिन्याला म्हणतात आणि मागून काकू खोकतात. पंधरा दिवसांनी पार्सलनं पंच आला. सोबत चिठ्ठी होती, 'बाई, ह्यो खाजगी हाय. बिनधास्त वापरा.' रोज संध्याकाळी फोन येतो. "किती?" "अकरा." "डबल." बोका आता आमच्याकडेच दूध पितो, आणि श्रीकांत राजूरला 'अहो' म्हणतो.

तर त्या दिवशी पावणेसहाला फोन आला तो व्हिडिओचा. दांडा मी तयारच ठेवला होता. पडद्यावर अण्णा, इस्त्रीचा शर्ट, मागं लालभडक आभाळ, आणि कानात नुसता गाजेचा आवाज. त्यांनी पंच वाजवला. कोंबड्यांनी जरा माना वाकड्या केल्या, गाज त्यांना नवीन होती, पण गेल्या. राजूरसुद्धा पहिल्या हाकेला गेली. कडी लागली. "अकरा, अण्णा! आता काकूंना दाखवा."

रेखानं फोन वळवला. काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, गुडघाभर पाण्यात. लुगड्याचा काष्टा वर खोचलेला, हातात चपला. लाट आली की त्या जराशा उचलल्या जात होत्या आणि पुन्हा खाली टेकत होत्या. धरायला काहीच नव्हतं आणि त्या काही शोधतही नव्हत्या. मी एकदम रडायला लागले. श्रीकांतनं दांडा खाली ठेवला.

"अवो, चला आता," अण्णांनी हाक मारली. "झालं बगून. अंधार पडतोय."

काकू हलल्या नाहीत. अण्णांनी हातातल्या पंचाकडे पाहिलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून तो वाजवला. टिकटिक, टिकटिक. सावेडीत खुराड्याच्या आत चेकर आरवला. काकूंनी मात्र मागं वळूनही पाहिलं नाही. चपलांचा हात तसाच ठेवून त्यांनी दुसरा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. डबल. आणि आणखी एक पाऊल पुढं टाकलं.

अण्णा क्षणभर उभे राहिले. मग त्यांनी पंच खिशात घातला, खाली बसून खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, आधी डावी, मग उजवी, आणि पाण्यात शिरले. पहिली लाट आली तेव्हा त्यांनी काकूंचा दंड धरला. वाऱ्यावरून त्यांचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला, नेहमीसारखाच मोकळा.

"सरका जरा पुढं. लई जागा हाय."